उभ्या गाडीतले डिझेल का नासते?

विद्यार्थी मित्रांनो, एक बस डोळ्यांसमोर आणा. शाळेचीच बस. २०२० सालच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही बस शाळेच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली उभी राहिली. तिच्या टाकीत त्या वेळी निम्मे डिझेल होते. एक पावसाळा गेला, दुसराही गेला. अखेर शाळा भरण्याची तारीख ठरली. ड्रायव्हरकाकांनी नवी बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली, देवाचे नाव घेऊन किल्ली फिरवली आणि काय आश्चर्य! थोड्या प्रयत्नाने इंजिन सुरू झाले. आवारात दहा मिनिटे ते छान चालले. सर्वांना हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन बस निघाली. तीन-चार किलोमीटरवर पहिला चढ लागला. बसने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. पुन्हा काही केल्या सुरू होईना.

आता तुम्हीच विचार करा. टाकीत डिझेल होते. आदल्या दिवशी त्याच डिझेलवर इंजिन चालले होते. मग चढावर असे काय घडले? या कोड्याचे उत्तर इंजिनात नाही, ते टाकीच्या तळाशी आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी आपल्याला डिझेलची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

डिझेल म्हणजे काय?

डिझेल हा एकच एक पदार्थ नव्हे. पाणी म्हटले की त्यातले सगळे रेणू सारखे असतात. डिझेलचे तसे नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो प्रकारच्या संयुगांचे ते मिश्रण आहे. या संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. डिझेलमधल्या बहुतेक रेणूंत कार्बनचे साधारण १० ते २२ अणू असतात. पेट्रोलचे रेणू याहून लहान आणि हलके असतात, म्हणून पेट्रोल भराभर उडून जाते. डिझेल तसे उडून जात नाही. त्यामुळेच 'डिझेल ठेवले तर ठेवले, त्याला काय होते?' असा आपला समज होतो.

पण ते टिकाऊ असले तरी अमर नाही. थंड, कोरड्या जागी, सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाला स्वच्छ डिझेल साधारणपणे वर्षभर चांगले राहते. तापमान ३० अंशांच्या वर राहत असेल, तर हा काळ सहा महिने ते वर्ष इतका धरतात. आपल्याकडे उन्हात उभ्या असलेल्या बसच्या टाकीचा विचार केला, म्हणजे दीड वर्ष हा काळ केवढा मोठा आहे हे लक्षात येईल.

या काळात डिझेलवर तीन शत्रू चालून येतात : हवा, पाणी आणि सूक्ष्मजीव.

पहिला शत्रू : हवा

स्वयंपाकघरातली तेलाची जुनी बाटली तुम्ही कधी हाताळली आहे का? तिच्या बाहेरच्या बाजूला ओघळलेले तेल चिकट झालेले असते. ते नुसत्या पाण्याने निघत नाही. ताजे तेल असे नसते. मग हा चिकटपणा आला कोठून?

तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे आला. तेलाच्या काही रेणूंत कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात. अशा बंधांच्या शेजारच्या जागी ऑक्सिजनला सहज शिरकाव मिळतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्या रेणूला बिघडवतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि अशी साखळी चालू राहते. बिघडलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, जड आणि चिकट रेणू बनतात. सोबत थोडी आम्लेही तयार होतात. डिझेलमध्येही थोडे रेणू अशा दुहेरी बंधांचे असतात. म्हणून जुने डिझेल रंगाने गडद होते, त्याला आंबूस वास येतो आणि त्यात डिंकासारखा गाळ धरतो.

ही क्रिया उष्णतेने वाढते. तापमान १० अंशांनी वाढले, तर अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. तांबे, पितळ आणि जस्त हे धातूही या क्रियेला मदत करतात. म्हणूनच जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात डिझेल साठवू नये, असे जाणकार सांगतात.

दुसरा शत्रू : पाणी

बंद टाकीत पाणी येते कोठून? झाकणाचे रबर झिजले असेल, तर पावसाचे पाणी आत झिरपते. पण झाकण चांगले असले तरी पाणी येतेच. कारण टाकी श्वास घेते!

टाकीत हवा आत-बाहेर होण्यासाठी एक बारीक वाट ठेवलेली असते. ती नसती, तर डिझेल संपत जाताना टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाला डिझेल ओढता आले नसते. दिवसा टाकी तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर पडते. रात्री टाकी गार होते, हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पहाटे टाकीचा पत्रा आणखी गार झाला की या हवेतल्या बाष्पाचे दव पत्र्यावर आतून जमते. दवाचे थेंब ओघळून डिझेलमध्ये पडतात.

हे पाणी किती असेल? चला, गणित करू या. टाकी १०० लिटरची आहे आणि निम्मी भरलेली आहे, असे समजा. म्हणजे आत ५० लिटर हवा आहे. दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक आहे. निरपेक्ष मापाने हवेचे तापमान सुमारे ३०० अंश असते. तेव्हा १० अंशांच्या फरकाने तिचे आकारमान सुमारे तिसाव्या भागाने बदलते. म्हणजे रोज रात्री सुमारे पावणेदोन लिटर हवा आत येते. पावसाळ्यात २५ अंश तापमानाच्या अगदी दमट हवेत दर लिटरला सुमारे ०.०२३ ग्रॅम बाष्प असते. ते सगळे आतच राहिले असे धरले, तरी रोज सुमारे ०.०४ ग्रॅम पाणी जमा होईल. हा पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही!

पण हिशेब इथे थांबवू नका. पावसाळ्याचे १२० दिवस धरले, तर हे पाणी पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल इतके होऊ शकते. प्रत्यक्षात सगळे बाष्प आत राहत नाही, त्यामुळे हा आकडा कमाल समजावा. आता तीच टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली आहे आणि आत फक्त ५ लिटर हवा आहे, असे समजा. हवा दहावा भाग झाली, म्हणून पाणीही दहावा भाग झाले. टाकी भरून ठेवण्याचे महत्त्व या एका त्रैराशिकात आहे.

याखेरीज डिझेलमध्ये मुळातच अत्यल्प पाणी विरघळलेले असते. डिझेल गार झाले की त्यातले काही पाणी वेगळे होते. डिझेलची घनता पाण्याहून कमी, एका लिटरला सुमारे ८२० ते ८६० ग्रॅम एवढी असते. त्यामुळे वेगळे झालेले सगळे पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसते. तिथून ते उडून जाऊ शकत नाही, कारण वर डिझेलचे जाड पांघरूण असते.

तिसरा शत्रू : जिवंत पाहुणे

'चमचाभर पाण्याने एवढे काय बिघडणार?' असे तुम्ही म्हणाल. बिघडते ते पाण्यामुळे तितके नाही, जितके त्या पाण्यात राहायला येणाऱ्यांमुळे!

हवेबरोबर बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू टाकीत शिरतात. निव्वळ कोरड्या डिझेलमध्ये ते वाढू शकत नाहीत, कारण जगायला पाणी लागतेच. पण तळाशी पाण्याचा पातळ थर मिळाला, की त्यांची सोय झाली. राहायला पाणी खाली आणि खायला डिझेल वर! पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, नेमक्या त्या सीमेवर ते वसाहत करतात. हायड्रोकार्बनचे लांब रेणू तोडून त्यांवर ते पोट भरतात. त्यांच्या या वसाहतीचा तपकिरी-काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा थर बनतो. गॅरेजमधले लोक याला नुसता 'कचरा' म्हणतात. पण हा कचरा जिवंत असतो.

यांतली एक बुरशी तर 'केरोसीन बुरशी' म्हणूनच प्रसिद्ध आहे. तिचे शास्त्रीय नाव अमॉर्फोथेका रेझिनी. १९५० नंतरच्या काळात जेट विमाने वाढली, तेव्हा त्यांच्या इंधनाच्या टाक्यांत ही बुरशी आढळू लागली. तिने गाळण्या तर तुंबवल्याच, पण तिने सोडलेल्या आम्लांमुळे टाक्यांचे ॲल्युमिनियमही झिजले. डिझेलच्या टाकीतही असेच होते. थराच्या खाली ऑक्सिजन संपला, की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू तिथे वाढतात. त्यांतले काही सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि टाकीचा पत्रा आतून खाल्ला जातो.

तेल खाण्याची ही शक्ती नेहमीच वाईट असते असे मात्र नाही. समुद्रावर सांडलेल्या तेलाचा फडशा निसर्गात असेच सूक्ष्मजीव पाडतात. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा एक जिवाणू प्रयोगशाळेत घडवला होता. त्यावर पेटंट देता येईल, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला आणि तो जगभर गाजला. एकच गुण समुद्रात उपकारक, तर टाकीत उपद्रवी ठरतो.

कोड्याचा उलगडा

आता चढावर बंद पडलेल्या बसकडे परत येऊ. आवारात बस उभी होती, तेव्हा तळाचा गाळही स्वस्थ होता. इंजिन नुसते चालू ठेवायला डिझेल अगदी थोडे लागते. गाळणी अर्धीअधिक तुंबलेली असली, तरी तेवढे डिझेल तिच्यातून जाते. रस्त्यावर मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. खड्ड्यांच्या धक्क्यांनी तळाचा गाळ आणि पाणी ढवळून वर आले, आणि चढावर इंजिनाला एकाएकी कितीतरी पट जास्त डिझेल लागले. डिझेल जोराने ओढले जाताच सगळा कचरा गाळणीवर येऊन बसला. गाळणी बंद झाली आणि इंजिन उपाशी राहिले.

गाळणी बंद झाली हे एका अर्थी बरेच झाले म्हणायचे. हा कचरा पुढे गेला असता तर? आजच्या डिझेल इंजिनात डिझेल वातावरणाच्या सुमारे दोन हजार पट दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. या यंत्रणेच्या सरकत्या भागांमधली फट काही मायक्रॉन इतकीच असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. शिवाय या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी आले, तर वंगणाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि पंपाची महागडी दुरुस्ती ओढवते.

जुने डिझेल आणि नवे डिझेल

'आमच्या वेळी ट्रॅक्टर वर्ष-वर्ष उभा असायचा, पण असे कधी झाले नाही,' असे तुमचे आजोबा म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डिझेल बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ दर्जाचे डिझेल लागू झाले. त्यात दर दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. त्याआधीच्या दर्जात ही मर्यादा ५० होती. गंधक कमी झाले हे हवेच्या दृष्टीने फार चांगले झाले. पण गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत, ऑक्सिजनची साखळी रोखणारी आणि वंगणाचे काम करणारी काही नैसर्गिक द्रव्येही निघून जातात. त्यांची उणीव शुद्धीकरण कारखान्यांत रसायने मिसळून भरून काढावी लागते.

दुसरा बदल बायोडिझेलचा. वनस्पतितेल इंजिनाला नवे नाही. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते! आजचे बायोडिझेल वनस्पतितेलावर किंवा वापरलेल्या तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. आपल्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात, २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवलेले आहे. पण बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा बरेच जास्त पाणी धरून ठेवते, त्याच्या रेणूंत दुहेरी बंध जास्त असतात आणि सूक्ष्मजीवांना तो सोपा घास असतो. म्हणून असे मिश्रण साठवताना अधिक दक्षता हवी.

आजीची बरणी

मग उपाय काय? उपाय तुमच्या आजीला माहीत आहेत! लोणच्याची बरणी ती कशी ठेवते ते आठवा. बरणी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच ती भरते. दादरा घट्ट बांधते. बरणी अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवते. आणि कोणी ओला चमचा घालू लागले, तर हातावर चापट मिळते. डिझेलचे नियम जवळजवळ हेच आहेत.

गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल, तर आधी टाकीच्या आणि गाळणीच्या तळाचे पाणी काढून टाकावे. बहुतेक गाड्यांत गाळणीच्या तळाशी त्यासाठी एक स्क्रू असतो. मग ताजे, स्वच्छ डिझेल भरून टाकी जवळजवळ पूर्ण भरावी. अगदी काठोकाठ मात्र नको. १०० लिटर डिझेल २० अंशांनी तापले, तर ते सुमारे पावणेदोन लिटरने फुगते. तेवढी जागा त्याला ठेवायला हवी. झाकणाचे रबर तपासावे. गाडी शक्यतो सावलीत, छपराखाली उभी करावी.

सहा महिन्यांहून जास्त काळ जाणार असेल, तर डिझेल टिकवणारे रसायन मिसळतात. ते ऑक्सिजनची साखळी तोडते. पण ते ताज्या डिझेलमध्येच घालावे लागते. खवट झालेले तेल जसे पुन्हा ताजे होत नाही, तसेच नासलेले डिझेल या रसायनाने सुधारत नाही. सूक्ष्मजीव मारणारी औषधेही मिळतात. ती विषारी असल्याने जाणत्या माणसानेच हाताळावीत. त्यांनी बुरशी मरते, पण तिची मढी टाकीतच राहून गाळणी तुंबवतात. म्हणून बुरशी झाल्यावर मारण्यापेक्षा पाणीच साचू न देणे शहाणपणाचे.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे डिझेल वापरत राहणे. दोन-तीन आठवड्यांनी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवावी आणि टाकी पुन्हा भरून ठेवावी. दीर्घ विश्रांतीनंतर गाडी काढताना आधी तळाचे थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत काढून पाहावे. ते पारदर्शक आणि चमकदार असेल, तर ठीक. गढूळ दिसले, तळाशी पाण्याचा थेंब किंवा काळे तुकडे दिसले, तर इंजिन सुरूच करू नये. आधी टाकी साफ करावी आणि गाळणी बदलावी.

करून पाहा

हे प्रयोग डिझेलवर करू नका. डिझेल पेट घेते आणि त्याची वाफ व स्पर्श दोन्ही अपायकारक असतात. आपले काम खाण्याच्या तेलावर भागेल.

१. काचेच्या बाटलीत गोडेतेल घ्या. त्यात शाई मिसळलेल्या पाण्याचे चार थेंब टाका. ते कोठे जातात? बाटली जोराने हलवा आणि तासभर ठेवा. चढावर बसच्या टाकीत काय झाले असेल, ते डोळ्यांनी दिसेल.

२. काचेच्या तुकड्यावर जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ थर द्या. पंधरा दिवस रोज काडीने तपासा आणि नोंद ठेवा. एक तुकडा उन्हात आणि एक सावलीत ठेवला, तर आणखी काय शिकायला मिळेल?

३. टाकीचे गणित तुमच्या गावासाठी करा. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान वर्तमानपत्रातून घ्या. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात उत्तर किती बदलते?

शेवटी एक गोष्ट लक्षात घ्या. रोज धावणाऱ्या गाडीचे डिझेल नासायला वेळच मिळत नाही. नासते ते वाट पाहत उभ्या असलेल्यांचे : वीज गेल्यावरच चालणारे रुग्णालयाचे जनित्र, गावातली एकुलती एक रुग्णवाहिका, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी, हंगामाची वाट पाहणारा ट्रॅक्टर. ज्यांची गरज अवचित आणि निकडीची असते, त्यांच्याच टाकीत हा धोका सर्वांत जास्त असतो, आणि तो कळतो तोही नेमका गरजेच्या क्षणी. त्यावरचा उपाय मात्र तासाभराच्या कामाचा आहे.

तेव्हा येत्या सुट्टीच्या आधी शाळेच्या ड्रायव्हरकाकांना भेटा. बसची टाकी भरून ठेवणार आहेत की रिकामी, आणि गाळणीतले पाणी शेवटचे कधी काढले होते, ते विचारा. तुम्ही असे का विचारता, हे त्यांना सांगताना तुमचा हा धडा पक्का होईल.